धोप्यासारखं पान

शेजारच्या लीलाम्मा आंटींनी आपली सगळी झाडं माझ्या हवाली केली तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि मनीप्लांट सोडून मला एकाही झाडाचं नाव येत नव्हतं. तरी मी त्यांना म्हटलं, ‘आंटी, आप चिंता मत करो, मुझे सब आता है.’ असं का म्हटलं ते माझं मलाच कळलं नाही. दारात जीप उभी होती, अंकलना दोघांनी धरून मागच्या सीटवर आडवं केलं होतं. रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं काढलेला तो माणूस अर्धांगाच्या झटक्यानंतर लहान मुलासारखा इकडे तिकडे बघत होता. त्यांचे भाऊ त्यांना केरळात गावी न्यायला आले होते. आंटींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, फक्त घाई होती. ‘पंद्रह दिन में हम आएगा,’ त्या म्हणाल्या. ‘टैग देखके करना. सब टैग में लिखा है.’ मी मान हलवली. जीप गेल्यावर मी, आई आणि आत्या अशा तिघींनी मिळून एकोणीस कुंड्या त्यांच्या व्हरांड्यातून आमच्या मागच्या व्हरांड्यात आणल्या. शेवटची कुंडी ठेवून आत्या कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, ‘आता आपन कुठं बसाचं?’

प्रत्येक कुंडीत एक टॅग खोचलेला होता. पावडरचे रिकामे डबे कापून केलेल्या त्या पट्ट्या होत्या आणि त्यांवर काळ्या शाईनं काहीतरी लिहिलं होतं. लिहिलं होतं मल्याळममध्ये. मी ती गोल गोल अक्षरं बघत राहिले. कुठे चष्म्यासारखं, कुठे गोगलगायीसारखं, कुठे कानातल्या रिंगांसारखं. ही नावं असणार हे मी कोणालाही न विचारता धरून चालले. झाडाच्या कुंडीत पट्टी असली म्हणजे तिच्यावर नावच असतं, दुसरं काय असणार? आमच्या सेक्टरमध्ये मल्याळी घरं काही कमी नव्हती. पण मल्याळम वाचणाऱ्या एखाद्या माणसाकडे ती पट्टी घेऊन जावं हे मला तेव्हा सुचलं नाही. ते का सुचलं नाही याचा विचार मी पुढे फार केला आणि आजही मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं होतं. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये टाइम ऑफिसात क्लार्क होते, जनरल शिफ्ट. सकाळी भोंगा झाला की सायकलींचा लोंढा रस्त्यानं निघायचा आणि मग दिवसभर दुरून एक घरघर ऐकू येत राहायची. ती इतकी सवयीची होती की नागपूरला मामाकडे गेलो की पहिल्या दिवशी मला कानात दडे बसल्यासारखं वाटायचं. घरात प्रत्येक गोष्टीवर तांबूस धूळ बसायची. वाळत घातलेल्या चादरीवर, खिडकीच्या जाळीवर, आणि आता या एकोणीस झाडांच्या पानांवर. तेवढी एक गोष्ट मात्र मी नीट करायचे. रोज सकाळी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचे, खालून हाताचा आधार देऊन, जसं आंटींना करताना पाहिलं होतं तसं. फडकं पिळलं की लाल पाणी निघायचं.

घरात आई होती आणि आत्या होती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, त्यांना अजून बंडू म्हणणारी. तुमसरला दिलेली, विधवा झाल्यावर आमच्याकडे राहायला आलेली. ती आली त्या आठवड्यातच मसाल्याचा डबा गॅसच्या डावीकडून उजवीकडे गेला आणि मग हळूहळू सगळं स्वयंपाकघरच तिच्याकडे गेलं. तिच्या हाताला चव होती हे कोणालाही कबूल करावं लागायचं. गोळाभात करावा तर तिनं, पातोड्यांचा रस्सा करावा तर तिनं, वर कढत तेलाची फोडणी ओतताना असा चर्र आवाज व्हायचा की बाबा पुढच्या खोलीतून उठून यायचे. आई निवडणं, चिरणं, भांडी लावणं अशी वरकामं करायची आणि सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभी राहूनच जेवायची. आई मुळातच कमी बोलायची. आत्या आल्यावर ती आणखी कमी बोलू लागली हे आता लिहिताना मला दिसतं, तेव्हा दिसलं नव्हतं. माझं आत्यावर फार प्रेम होतं. ती माझ्या केसांना तेल लावून द्यायची आणि तिच्या सासरच्या गोष्टी सांगायची, ज्यांत शेवटी नेहमी कोणाची तरी फजिती व्हायची.

टाउनशिपच्या वाचनालयातून मी बागकामाचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. त्यातली चित्रं काळी-पांढरी होती, आणि घरातल्या शोभेच्या झाडांची सगळी ओळख जर कशात असेल तर ती रंगात. एका पानावर हिरव्यात पांढरे डाग, दुसऱ्यावर पांढऱ्यात हिरवे डाग, आणि पुस्तकात दोन्ही करडी. एकाच झाडाला मी सोमवारी एक नाव द्यायचे आणि गुरुवारी दुसरं. वहीत टॅगवरचं अक्षर जसंच्या तसं काढायचे आणि समोर पुस्तकातलं नाव लिहायचे. खाडाखोड इतकी व्हायची की वहीचं पान फाटायचं. तेव्हा राज्यही नवीन नवीन झालं होतं. पत्त्यात मध्य प्रदेश लिहायचं की छत्तीसगड यात बाबाही चुकायचे. त्यामुळे घरात एका माणसाचा गोंधळ उडालेला कोणाच्या फारसा ध्यानात आला नाही.

झाडं मात्र बिघडत चालली. साबरासारखी जाड, उभी, पट्टेदार पानांची एक कुंडी होती. तिला मी बाकीच्यांसारखंच रोज पाणी घातलं. एक दिवस पान हातात आलं आणि बुडाशी सगळा चिखल झालेला, घाण वास मारणारा. एका झाडाची पानं संध्याकाळ झाली की मिटून उभी व्हायची. मला वाटलं ते कोमेजतंय. मी त्याला आणखी पाणी घातलं, मग उन्हात नेलं, मग पुन्हा आत आणलं. आत्या म्हणाली, ‘त्याले एका जागी बसू दे नं वं. दिवसभर घेऊन फिरून राहिली त्याले.’ लाल-हिरव्या नाजूक पानांचं एक झाड तर पंधरा दिवसांत पार नाहीसं झालं, नुसती माती राहिली. ती माती मी परसात उपडी केली आणि कुंडी धुऊन ठेवली.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. मध्ये एकदा आंटींचा फोन आला. आवाज खरखरत होता. अंकल हात हलवायला लागलेत, पण बोलत नाहीत असं काहीतरी त्यांनी सांगितलं. मग विचारलं, ‘प्लांट्स?’ मी म्हटलं, ‘एकदम फर्स्ट क्लास आंटी.’ त्या म्हणाल्या, ‘टैग देखके कर रही है ना?’ मी म्हटलं, ‘हां आंटी.’ फोन ठेवल्यावर मला वाटलं, टॅग बघून काय करायचं? नाव वाचून झाड कसं जगतं? पण मी परत फोन केला नाही, त्यांचा नंबरही माझ्याकडे नव्हता.

मग तो रविवार आला. पोळा होऊन गेला होता. बाबा आदल्या दिवसापासून धोप्याच्या वड्या, धोप्याच्या वड्या करत होते. धोपा म्हणजे अळू. छत्तीसगडी बाया त्याला कोचई म्हणतात. आत्या सकाळी पिशवी घेऊन बाजारात गेली आणि रिकामी परत आली, त्या दिवशी कोणाकडेच पानं नव्हती. मी पुढच्या खोलीत दिवाणावर पडून अर्थशास्त्राच्या नोट्स वाचत होते, सोमवारी टेस्ट होती. आई आत तांदूळ निवडत बसली होती. मागच्या व्हरांड्यातून आत्याचा आवाज आला, ‘रंजू, हा धोपाच होय नं वं? मोठ्या पानाचा?’

ती कुठल्या कुंडीबद्दल विचारत होती ते मला न बघताच कळलं. जाळीपाशी एक झाड होतं, त्याची पानं माझ्या छातीपर्यंत आलेली, मोठी, टोकदार. वहीत त्याच्या टॅगची खूण चष्म्याची होती आणि पुस्तकातून उतरवलेल्या नावापुढे मी मोठ्या हुशारीनं लिहिलं होतं, अळूच्या कुळातलं. मी नोट्समधून डोकं वर न काढता म्हटलं, ‘हो आत्या, धोपाच आहे.’

आता मला ते पान अर्ध्या किलोमीटरवरून ओळखू येईल. धोप्याचं पान खाली मान घातल्यासारखं लोंबतं, त्याचा रंग मऊ, न चमकणारा, त्यावर पाणी टाकलं की थेंब पाऱ्यासारखे पळतात, आणि देठ पानाच्या कडेला नाही तर थोडा आत, पोटाशी जोडलेला असतो. आंटींच्या झाडाचं पान वर आकाशाकडे बघणारं होतं, पुसल्यावर चकाकायचं, आणि देठ थेट खाचेत. मी दोन महिने रोज सकाळी ते पान पुसत होते. हातात धरून पुसत होते. आता मी काम करते त्या जुनवानीच्या नर्सरीत मुली फोन पानासमोर धरतात आणि फोन त्यांना नाव सांगतो, कधीकधी तीन नावं सांगतो आणि त्यातलं कोणतं खरं ते तुम्ही ठरवा म्हणतो. मी त्यांना देठ बघायला सांगते. त्यांना माझा आग्रह थोडा विचित्र वाटतो.

आत्यानं वड्या नेहमीसारख्याच केल्या. बेसन, चिंच, गूळ, तीळ, तिखट. वाफवून कापल्या, तळायला घेतल्या. घरभर वास सुटला. पहिला घाणा निघाला तेव्हा तिनं एक वडी आईच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, ‘लता, मीठ पाय बरं.’ आईनं फुंकर मारून खाल्ली, आणि मीठ बरोबर आहे म्हणून मान हलवली. तिला आवडली असावी, कारण आत्याची पाठ वळल्यावर तिनं दुसरीही घेतली. हे मी दारातून पाहिलं, मीही वास घेत उठून आले होते. मग आईनं ओठावर बोट ठेवलं. मला वाटलं, चटका बसला. ती पाणी प्यायली. दुसरा पेला घेतला तेव्हा पाणी हनुवटीवरून खाली आलं. तिचा खालचा ओठ जाड दिसत होता. तिनं तोंड उघडून काहीतरी म्हणण्याचा प्रयत्न केला आणि आवाज आला नाही, नुसता घोगरा श्वास आला. आत्या म्हणाली, ‘काय झालं वं? ठसका लागला काय?’ आणि आईनं गळ्याला हात लावून माझ्याकडे पाहिलं. आत्याकडे नाही. माझ्याकडे.

बाबांनी शेजारच्यांची मारुती काढायला लावली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत आईची जीभ दातांत मावत नव्हती. तिला आत नेलं, इंजेक्शनं दिली, नाकाला नळी लावली. तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ‘कौन सा पौधा था, नाम बताइए.’ बाबांनी आत्याकडे पाहिलं, आत्यानं माझ्याकडे. मला पाच नावं आठवली आणि त्यातलं एकही खात्रीचं नव्हतं. बाबा म्हणाले, ‘जा, घेऊन ये ते.’ मी ऑटोनं घरी गेले. कढईतलं तेल थंड झालं होतं, ताटात वड्या तशाच होत्या. कुंडी मला उचलेना. मी एक पान देठासकट तोडलं, टॅग उपटून मुठीत घेतला आणि त्याच ऑटोनं परत आले. देठाचा चीक हाताला लागला तशी बोटं चुणचुणायला लागली.

कॉटशी असलेल्या सिस्टरनं माझ्या हातातून टॅग घेतला. ती म्हणाली, ‘ये तो हमारा भाषा है.’ मी म्हटलं, ‘हां, नाम लिखा है.’ तिनं तो उजेडाकडे धरून वाचला आणि मान हलवली. ‘नाम नहीं लिखा. लिखा है, ये खुजली करता है. काटने के बाद हाथ धोना. मुँह में नहीं जाना.’ तिनं टॅग परत माझ्या हातात दिला आणि सलाइन बघायला वळली. मला आठवतं की मी तो पुन्हा वाचायचा प्रयत्न केला, जणू आता मला तो वाचता येणार होता.

डॉक्टरांनी पान उलटसुलट केलं. अरबीचा, म्हणजे धोप्याचा, भाऊच आहे, पण खायचा नाही, काटे असतात सुईसारखे, डोळ्यांना न दिसणारे, असं ते म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘खाने का है, ये किसने बोला?’

मी पान हातात धरून उभी होते. माझ्या शेजारी आत्या पदराचं टोक पिळत होती. तिचे डोळे आधीच अधू होते, मोतीबिंदू वाढत होता. ती डॉक्टरांकडे नाही, बाबांकडे बघून बोलली. ‘मीच तोडलं. मले धोपाच वाटला. कोनाले इचारलं नाई मी.’

मी काही बोलले नाही. हे इतकं साधं वाक्य लिहायला मला किती वेळ लागला हे सांगूनही खरं वाटणार नाही. मी घाबरून गप्प राहिले असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं नव्हतं. तिनं ते इतक्या सरळपणे सांगितलं की मला क्षणभर ते खरंच वाटलं. तिनं विचारलं होतं का? की मी ऐकलं ते दुसरंच काही होतं? मी ‘हो’ म्हटलं होतं की नुसतं ‘हूं’? मी माझीच सकाळ पुन्हा पुन्हा आठवत राहिले आणि जितकी आठवावी तितकी ती पुसट होत गेली.

आई वाचली. सूज दुसऱ्या दिवशी उतरायला लागली, पण आवाज यायला चार दिवस लागले. ती घरी आली त्या दुपारी बाबा अंगणात आत्याला एकच वाक्य बोलले. आवाज न चढवता बोलले. ‘बाई, तुले दिसत नाई तं इचाराचं असते. आज लता गेली असती.’ आत्या म्हणाली, ‘हो.’ बस, एवढंच. त्यानंतर तिनं स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, डोळ्याचं आपरेशन करायचं आहे, तुमसरला पुतण्या करून देतो म्हणतो. तिची ट्रंक मी आणि बाबांनी पॉवर हाऊस स्टेशनवर नेली. गाडी यायला अर्धा तास होता. तो सगळा अर्धा तास मी तिच्या शेजारी बाकावर बसले होते आणि ती मला विचारत होती की टेस्ट कशी गेली.

घर शांत झालं. मसाल्याचा डबा पुन्हा गॅसच्या डावीकडे आला. आईच्या हातचं जेवण मला पाहुण्यांकडचं वाटायचं. कमी तिखट, वरणाला थोडा गूळ. बाबा काही न बोलता जेवायचे. आई आता बसून जेवायला लागली.

महिन्याभरानं आईला पुन्हा दाखवायला हॉस्पिटलात नेलं तेव्हा मी बाकीचे टॅग पिशवीत घालून नेले. तीच सिस्टर होती. दोन पेशंटांच्या मध्ये वेळ काढून तिनं एकेक वाचून दाखवला आणि मी वहीत लिहीत गेले. एकावर होतं, मंगळवारी आणि शनिवारी पाणी. एकावर, महिन्यातून एकदा पाणी, विसरलं तरी चालेल. एकावर, हे संध्याकाळी झोपतं, घाबरू नका. एकावर, माझ्या बहिणीनं दिलेलं. आणि एका पट्टीवर लिहिलं होतं, हे मरतं आणि परत येतं, माती टाकू नका. ती वाचून सिस्टर हसली. मला मात्र परसात उपडी केलेली माती दिसत होती. एकाही पट्टीवर नाव नव्हतं. मी दोन महिने मन लावून, वही ठेवून, सगळं उलटं केलं होतं.

त्याच संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती व्हरांड्यात माझ्याबरोबर पानं पुसायला बसली होती. मी म्हटलं, ‘आई, त्या दिवशी आत्यानं मले इचारलं होतं. मीच म्हटलं का धोपा आहे म्हनून.’

आईचं फडकं थांबलं नाही. ती म्हणाली, ‘मले मालूम आहे. मी ऐकलं होतं.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ‘मंग तू सांगितलं कावून नाई?’

‘आवाज कुठं होता माह्या.’

‘पण नंतर? आत्या होती नं चार दिवस.’

तिनं ते पान पूर्ण पुसलं, मग दुसरं घेतलं. तिचा आवाज अजून थोडा बसलेलाच होता, तो पुढे कायमच तसा राहिला. ‘नंतर,’ ती म्हणाली, ‘घर शांत झालं होतं.’

मी कबुली देऊन मोकळी व्हायला आले होते आणि आता मला कोणावर रागवावं तेच कळेना. तिला मरणाच्या दारात मी नेलं होतं, त्यामुळे तिला बोलायचा हक्क मला नव्हता. आणि ती ज्या घरात इतकी वर्षं उभ्यानं जेवली ते घर मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मी एवढंच म्हटलं, ‘मी तुमसरले जातो.’ आमच्याकडे बायकाही ‘जातो’च म्हणतात. ती म्हणाली, ‘जा. बाबाले मी सांगतो का मैत्रिणीकडे गेली.’ सकाळी तिनं डबा बांधून दिला. भाकरी आणि ठेचा माझ्यासाठी, आणि वेगळ्या पुडीत आत्यासाठी मुगवड्या, तिनं स्वतः घातलेल्या. आत्याला मुगवड्या आवडतात हे तिच्या लक्षात होतं.

दुर्गहून मी पॅसेंजर धरली. डोंगरगडला अर्धी गाडी रिकामी झाली, गोंदियाला पुन्हा भरली. वाटेत मी वाक्यं ठरवत होते आणि प्रत्येक स्टेशनवर ती बदलत होते. तुमसरला आत्याच्या पुतण्याचं घर राइस मिलच्या मागे होतं, हवेत कोंड्याचा वास होता. आत्या ओसरीवर काळा चष्मा लावून बसली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिनं मला आवाजावरून ओळखलं आणि पहिलं विचारलं, ‘लताचा गळा कसा आहे?’

मी सगळं एका दमात सांगितलं. आईचं तेवढं सांगितलं नाही. आत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मले काय इसर पडला काय? तू दिवानवर पडली होती. डोकं वर नोतं काढलं तू.’

‘मंग तू खोटं कावून बोलली?’

तिनं चष्मा काढून डोळा पदरानं टिपला, त्यातून पाणी येत होतं, ऑपरेशनचं. ‘बंडूनं तुले बोललं असतं तं तू कुठं गेली असती?’ ती म्हणाली. ‘मले तं तुमसर होतं.’

मी तिथे दोन दिवस राहिले. परत आल्यावर बाबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते, तो त्यांनी घडी करून बाजूला ठेवला. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, ‘बाईले माहीत होतं?’ मी हो म्हटलं. पुढच्या रविवारी ते एकटेच सकाळच्या गाडीनं गेले. बहीणभावांचं काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. दिवाळीला आत्या आली, पण आठ दिवसांच्या बोलीवर आली. ट्रंक आणली नाही, कापडी पिशवी आणली.

त्या आठ दिवसांत आई रोज सकाळी विचारायची, ‘बाई, आज काय करू?’ आणि आत्या म्हणायची, ‘तुले वाटते ते कर.’ दोघी ओट्याशी शेजारी शेजारी उभ्या राहायच्या, एक चिरायची, एक लाटायची, आणि बोलणं जवळपास काहीच नसायचं. लीलाम्मा आंटी परत आल्या नाहीत. अंकल गेले आणि त्यांच्या मुलानं येऊन क्वार्टर रिकामं केलं. तो म्हणाला, अम्मा म्हणते झाडं त्या मुलीकडेच राहू दे. अकरा उरली होती. त्याला मी ते सांगितलं. त्यानं मोजली नाहीत.

आत्याला सोडायला आम्ही तिघंही स्टेशनवर गेलो. आई सहसा येत नसे. गाडी आली, आत्या खिडकीत बसली. आईनं तिची पिशवी खिडकीतून आत दिली आणि तिचा हात पिशवीच्या बंदावर तसाच राहिला. आत्यानं बंद धरला होता, आईनंही धरला होता. आई म्हणाली, ‘बाई, राहा नं.’ आत्या म्हणाली, ‘येईन वं.’ गाडी हलली तरी आईनं बंद सोडला नाही. ती गाडीबरोबर दोन पावलं, मग चार पावलं चालली, मग बाबांनी तिला मागे ओढलं. घरी येताना ऑटोत ती रडत होती, पदर तोंडाशी धरून. बाबांनी मला खुणेनं विचारलं, काय झालं हिला? मी बाबांकडे पाहिलं आणि म्हटलं, मले नाई मालूम. त्या दिवशी तरी मी खरं बोलले.